वणव्याने गवत जोमदार येतं?

‘डोंगर जाळला की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं.’ सह्याद्रीच्या गावांमध्ये हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं आणि फाल्गुन-चैत्रात डोंगर पेटतात. ही समजूत चुकीची आहे.

जळलेल्या जागी हिरवळ लवकर दिसते, हे खरं. पण ती आगीची देणगी नव्हे. बहुवर्षायू गवताची मुळं जमिनीखाली जिवंत असतात, पाऊस पडला की ती फुटतातच. वरचा वाळका पेंढा जळून गेल्यामुळे कोंब आधी नजरेत भरतात, एवढंच. गवत कापून नेलं तरी तसंच होतं, आणि चाराही हाती लागतो.

राखेचं खत होतं म्हणावं, तर पालाश थोडं मिळतं, पण नत्र बरंचसं हवेत उडून जातं. उरलेली राख आणि उघडी पडलेली माती उतारावरून पहिल्याच वळवात ओढ्याला लागते. वर्षानुवर्षं जाळत राहिलं की आगीत तग धरणारं कुसळी गवत माजतं. त्याची टोकदार कुसळं शेळ्यामेंढ्यांच्या तोंडात रुततात. पावसाळ्यात रुजलेली रोपं तर पहिल्याच उन्हाळ्यात करपतात. मग जंगल वाढणार कसं? वृक्षारोपणाच्या खड्ड्यांइतकीच ही आपसूक उगवलेली रोपं मोलाची आहेत.

शेतातला राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर पालापाचोळा जाळणं, वेगळा, पण त्याची ठिणगीही रानात जाऊ देऊ नये. राखीव वनात आग लावणं 1927च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायला गावाने हात लावावा. धूर दिसला तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक फिरवा.