नागपूर विमानतळावरून चंद्रपूरला जाताना : वाहन निवडण्याविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चंद्रपूरला नियमित प्रवासी विमानसेवा नसल्यामुळे मुंबई, पुणे, दिल्ली किंवा बेंगळुरूहून येणारे आमचे बहुतेक ग्राहक नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरतात आणि पुढचा सुमारे १५० किलोमीटरचा प्रवास रेल्वेने, एसटीने किंवा मोटारीने करतात. वाहन ठरवताना बहुतेक जण आधी भाडे विचारतात. ते स्वाभाविकच आहे. पण आमची विनंती अशी की, भाड्याच्या आधी दोन गोष्टींचा विचार व्हावा : आपले विमान किती वाजता उतरते, आणि विमानतळ शहराच्या कोणत्या बाजूला आहे.

सोनेगावचा हा विमानतळ नागपूरच्या दक्षिण बाजूस, वर्धा मार्गालगत आहे. चंद्रपूरचा रस्ताही याच वर्धा मार्गाने बुटीबोरीवरून जामपर्यंत जातो आणि तेथे हैदराबादचा महामार्ग सोडून वरोरा व भद्रावतीमार्गे चंद्रपूरला पोहोचतो. म्हणजे विमानतळाच्या फाटकातून बाहेर पडून मोटार दक्षिणेकडे वळली की आपण चंद्रपूरच्या वाटेला लागलेले असता. याउलट नागपूरचे मुख्य रेल्वेस्थानक आणि गणेशपेठचे मध्यवर्ती बसस्थानक शहराच्या मध्यभागी, विमानतळापासून सात-आठ किलोमीटर उत्तरेला आहेत. त्यामुळे रेल्वेने किंवा एसटीने जाणाऱ्याला आधी उलट दिशेने शहरात जावे लागते आणि मग पुन्हा दक्षिणेकडे निघावे लागते. हा वळसा फार मोठा नाही, परंतु सामान, लहान मुले आणि सायंकाळची वर्धा मार्गावरील गर्दी यांचा हिशेब केला तर त्यात एक-दीड तास सहज जातो, आणि तो वेळ तिकिटाच्या दरात कुठेही दिसत नाही.

रेल्वेने जाणार असाल तर

नागपूर ते चंद्रपूर हा लोहमार्ग सेवाग्रामचा वळसा घेऊन हिंगणघाट, वरोरा आणि भांदकमार्गे जातो, म्हणून त्याची लांबी रस्त्यापेक्षा जास्त, २०० किलोमीटरच्या आसपास आहे. तरीही वेगवान गाड्या हे अंतर अडीच ते तीन तासांत कापतात, आणि पाठीच्या दुखण्याचा त्रास असलेल्या किंवा मोटारीत मळमळणाऱ्या प्रवाशांना आम्ही रेल्वेच सुचवतो, जरी त्यात आमचे भाडे बुडत असले तरी.

येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. दक्षिणेकडे जाणाऱ्या सर्वच लांब पल्ल्याच्या गाड्या चंद्रपूरला थांबत नाहीत. काही थेट बल्लारशाहला थांबतात, आणि तेथून चंद्रपूरला पंधरा किलोमीटरच्या आसपास मागे यावे लागते. शिवाय चंद्रपूर शहरात चांदा फोर्ट नावाचे दुसरे स्थानक आहे, पण ते गोंदिया ते बल्लारशाह या वेगळ्या मार्गावर असल्याने सेवाग्रामकडून येणाऱ्या गाड्या तेथे जात नाहीत. तिकीट काढताना स्थानकाचे नाव नीट वाचावे आणि आपल्याला घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांनाही तेच नाव कळवावे, कारण या दोन नावांच्या घोळात माणसे एका स्थानकावर आणि वाहन दुसऱ्या स्थानकावर, असे घडू शकते.

सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली नागपूर ते सिकंदराबाद वंदे भारत गाडी सेवाग्रामनंतर चंद्रपूरला थांबते. मात्र ती नागपूरहून पहाटे सुटत असल्याने दुपारच्या विमानाने येणाऱ्याला तिचा उपयोग नाही. रात्री उशिरा उतरून नागपुरात मुक्काम करणाऱ्यांसाठी ती चांगली आहे.

विमानतळावरून रेल्वेस्थानकापर्यंत मेट्रोने जाता येते. नारिंगी मार्गिकेवरचे ‘एअरपोर्ट’ स्थानक वर्धा मार्गावर आहे, विमानतळाच्या इमारतीला जोडलेले नाही, त्यामुळे तेथपर्यंत ऑटो किंवा कॅब करावी लागते. पुढे सीताबर्डीला उतरून ॲक्वा मार्गिकेची गाडी घेतली की कॉटन मार्केटनंतरचे स्थानक नागपूर रेल्वेस्थानकाचे आहे. एकट्या आणि हातात एखादीच बॅग असलेल्या प्रवाशासाठी हा सर्वांत स्वस्त आणि गर्दी चुकवणारा मार्ग आहे. चार माणसे आणि सहा बॅगा असतील तर त्याचा आग्रह धरू नये.

विमानाची नियोजित वेळ आणि आरक्षित गाडीची वेळ यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडून येणारी विमाने धुक्यामुळे उशिरा येतात, तेव्हा तेही पुरत नाही.

एसटी

गणेशपेठहून चंद्रपूरसाठी दिवसभर बसगाड्या सुटतात आणि साधारण साडेतीन ते चार तासांत पोहोचतात. राज्य शासनाच्या योजनेनुसार मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात मोफत प्रवास करता येतो. ६५ ते ७५ या वयोगटालाही निम्मे भाडे पडते. त्यामुळे आजी-आजोबा आणि दोन महिला असे कुटुंब असेल तर एसटीचा खर्च इतर कोणत्याही साधनापेक्षा कितीतरी कमी होतो. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे. चंद्रपूरच्या गाड्या विमानतळाच्या चौकावरूनच जात असल्या तरी तेथे हात दाखवून बस पकडण्याचा बेत आम्ही सुचवत नाही, कारण गणेशपेठलाच भरलेली गाडी वाटेत थांबेल याची खात्री नसते आणि थांबली तरी उभ्याने जावे लागू शकते.

भाड्याची मोटार

मोटारीचे एकेरी भाडे जास्त का वाटते, हे स्पष्ट करणे आम्हाला आवश्यक वाटते. आपण १५० किलोमीटर जाता, पण चालकाला तेवढेच अंतर बहुधा रिकाम्या गाडीने परत यावे लागते, म्हणून इंधनाचा हिशेब ३०० किलोमीटरचा होतो. एखाद्याने फारच कमी एकेरी दर सांगितला तर त्यात टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता आणि रात्रीचे शुल्क धरले आहे की नाही, हे प्रवासापूर्वी लेखी विचारून घ्यावे. मग ते वाहन आमचे असो वा अन्य कोणाचे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी परतायचे असेल, तर जाऊन-येऊन मोटार ठरवणे दोन एकेरी फेऱ्यांपेक्षा निश्चितच किफायतशीर पडते.

चालकासह भाड्याने मिळणाऱ्या वाहनाची नंबर प्लेट पिवळी आणि अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. भाड्याच्या वाहतुकीसाठी तिला परवाना नसतो आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडू शकते.

मोटारीचा खरा लाभ वाटेत आहे. चंद्रपूरच्या अलीकडे भद्रावतीला विजासन येथील बौद्ध लेणी, भद्रनागाचे मंदिर आणि पार्श्वनाथाचे जैन मंदिर ही तीन ठिकाणे जवळजवळ आहेत, आणि दोन-अडीच तास हाताशी असतील तर ती पाहूनच पुढे जावे, असे आम्ही मनापासून सांगतो. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवनही याच वाटेवर आहे. बस किंवा रेल्वेने जाणाऱ्याला हे सारे खिडकीबाहेर राहते.

चंद्रपूर ही गोंड राजांची जुनी राजधानी परकोटाच्या आत वसलेली आहे आणि जटपुरा दरवाजातून आजही शहराची रोजची वाहतूक जाते. सकाळ-सायंकाळ तेथे कोंडी होते, म्हणून सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आलेल्या मंडळींनी ती परकोटाबाहेर उभी करावी आणि अंचलेश्वर मंदिर, राणी हिराईने बांधवलेली बीरशाहाची समाधी व महाकाली मंदिर ही ठिकाणे ऑटोने पाहावीत. लहान मोटारीला ही अडचण कमी येते.

ताडोब्याला जाणाऱ्यांनी आपले प्रवेशद्वार आधी सांगावे. मोहर्लीसाठी चंद्रपूर किंवा भद्रावतीकडून जाणे सोयीचे, परंतु कोलारा हे द्वार चिमूरच्या बाजूला असल्यामुळे त्यासाठी चंद्रपूरचे वाहन ठरवणे म्हणजे निष्कारण लांबचा फेरा आहे.

वेळ आणि ऋतू

वरोऱ्यापासून पुढे कोळसा आणि सिमेंटचे अवजड ट्रक रात्रंदिवस चालतात. रात्री अकरानंतर उतरणाऱ्या ग्राहकांना आम्ही नागपुरातच मुक्काम करून पहाटे निघण्याचा सल्ला देतो, आणि दिवसभर गाडी चालवलेल्या चालकाला त्याच रात्री पुन्हा या रस्त्यावर पाठवत नाही. यावरून कोणी दुसरीकडे वाहन ठरवले तरी आम्ही हा नियम बदलणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी बारा ते चारच्या दरम्यान वृद्ध आणि लहान मुलांना घेऊन साध्या बसने जाणे टाळावे.

काही दिवस मात्र कोणतेही साधन ऐनवेळी मिळणे कठीण असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्यामुळे दसऱ्याला नागपूरच्या आणि त्यानंतर १५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात. चैत्रातील महाकाली यात्रेला मराठवाड्यातून मोठ्या संख्येने भाविक येतात, तर डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे नागपुरातील मोटारी आणि हॉटेलांच्या खोल्या आधीच भरलेल्या असतात. या काळासाठी किमान पंधरा दिवस आधी नोंदणी करावी.

परतीच्या प्रवासात विमानतळ शहराच्या आधीच लागत असल्याने नागपुरात शिरावे लागत नाही. तरीही बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीजवळची वर्दळ लक्षात घेऊन विमानाच्या वेळेपूर्वी साडेपाच तास आधी चंद्रपूर सोडावे.

नोंदणी करताना विमानाचा क्रमांक, प्रवाशांची संख्या, मोठ्या बॅगांची संख्या, चंद्रपुरातील उतरण्याचे नेमके ठिकाण आणि वाटेत थांबण्याची इच्छा असल्यास ते ठिकाण, एवढे आम्हाला कळवावे. विमानाचा क्रमांक दिलेला असल्यास उशिराची माहिती आम्ही स्वतः ठेवतो, आणि विमान उशिरा आल्याबद्दल प्रतीक्षेचे वेगळे शुल्क घेत नाही.