आकाशपाळणा

आकाशपाळणा : (रहाटपाळणा, जायंट व्हील). आडव्या आसाभोवती फिरणारे उभे चाक आणि त्याच्या परिघावर टांगलेले पाळणे असे करमणुकीचे साधन. पाळणे खुंटीवर सैल टांगलेले असल्याने चाक फिरले, तरी बैठक सरळ राहते. जत्रेतला चार पाळण्यांचा लाकडी रहाटपाळणा माणसे हातानेच फिरवत. वरच्या दांडीला लोंबकळून अंगाच्या भाराने ती खाली ओढायची. हे कसब अंगमेहनतीचे तितकेच अंदाजाचेही आहे. नावावरून ही कल्पना विहिरीवरच्या रहाटावरून सुचली असावी असे वाटते. मात्र नावातील साम्य हा उगमाचा पुरावा नव्हे.

उगमाचे श्रेय सामान्यतः अमेरिकन अभियंता जॉर्ज फेरिस (१८५९–९६) याला देतात. ते तसेच मान्य करणे कठीण आहे. इटालियन प्रवासी प्येत्रो देल्ला व्हाल्ले याने १६१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) येथे रमजानच्या उत्सवात असे चाक पाहिले. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० च्या सुमारास आजच्या बल्गेरियातील प्लॉव्हदिव्ह येथील चाकाचे वर्णन केले आहे. विल्यम सॉमर्स याने १८९२ मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे लाकडी चाक उभारले व १८९३ मध्ये पेटंट मिळवले. त्याने फेरिसवर दावाही लावला. पण तो यशस्वी झाला नाही. तेव्हा चाकाची कल्पना जुनी, आणि फेरिसचे कर्तृत्व अभियांत्रिकीचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ते कर्तृत्व मात्र असामान्य होते. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात २१ जून १८९३ रोजी खुले झालेले त्याचे पोलादी चाक सुमारे ८० मी. उंच होते. ३६ डब्यांत प्रत्येकी ६० याप्रमाणे २,१६० माणसे एका वेळी बसत. मुख्य मर्म आऱ्यांत होते. बैलगाडीच्या चाकात भार खालच्या जाड आऱ्यांवर पडतो. फेरिसच्या चाकात सायकलप्रमाणे बारीक आऱ्या ताणात असून आस जणू वरच्या आऱ्यांना टांगलेला असतो. त्यामुळे अवाढव्य चाकही हलके करता आले. १९०६ मध्ये ते सुरुंगाने पाडले. व्हिएन्नातील १८९७ चे चाक, १९४४ मध्ये जळूनही, पुन्हा उभारले गेले व आजही फिरते.

अलीकडे पाळण्यांच्या जागी बंद, वातानुकूलित कक्ष आले. लंडनमधील ‘लंडन आय’ या चाकाची (१३५ मी.) ३२ कक्षे परिघाच्या बाहेरच्या बाजूस असून मोटरींनी सरळ ठेवली जातात, चाक सेकंदाला जेमतेम पाव मीटर सरकत असल्याने एरवी ते न थांबवताच माणसे चढतात-उतरतात. चीनमधील वेइफांग येथील पुलावरच्या चाकाला (१४५ मी.) मध्ये आस व आऱ्याच नाहीत, तेथे कडे स्थिर असून कक्षे त्यावरून सरकतात. ‘ऐन दुबई’ (२५० मी.) हे सर्वांत उंच चाक ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाले, पुढच्या मार्चमध्ये बंद पडले व डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले.