प्रवेश तर मिळाला, वर्गात शिकवणार कोण?

मुलाला ऐकू कमी येतं किंवा लिहिताना अक्षरांची अदलाबदल होते, एवढ्या कारणावरून ठाण्यातली किंवा ऐरोलीतली शाळा आज त्याला कायद्याने दारातून परत पाठवू शकत नाही. हा हक्क पालकांच्या पदरात पडायला सव्वाशे वर्षं लागली.

सुरुवात वेगळ्या शाळांपासून झाली. मुंबईत 1885 मध्ये मूकबधिर मुलांसाठी आणि 1900 मध्ये अंध मुलांसाठी शाळा निघाली. त्या काळी हे मोठंच काम होतं. पण त्यातूनच ‘अशा मुलांची जागा वेगळी’ हा समज समाजात घट्ट बसला. शिक्षणाचा विचार करणाऱ्या 1964 ते 66 या काळातल्या कोठारी आयोगाने त्याला छेद दिला आणि शक्य तेवढ्या मुलांना नेहमीच्या शाळेतच शिकवा, असं सांगितलं. 1974 मध्ये केंद्राने एकात्म शिक्षणाची योजना आणली. तिच्यात एक मोठी उणीव होती. शाळा आहे तशीच राहायची आणि जमवून घ्यायचं मुलाने. 1994 मध्ये स्पेनमधल्या सालामांका शहरात 92 देशांच्या प्रतिनिधींनी ही बाजू उलटी केली: बदलायचं शाळेने. समावेशक शिक्षणाचा गाभा हाच.

आपल्याकडे 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली, पण त्यात अपंगत्वाचे प्रकार सातच होते. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित जड जाणं, त्यात नव्हती, स्वमग्नताही (ऑटिझम) नव्हती. इथे महाराष्ट्राने पुढाकार घेतला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. 1996 पासून राज्याने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. पेपरला जास्तीचा वेळ, एका भाषेतून सूट, आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित व जोडीला कार्यानुभव. हुशार असूनही दरवर्षी गणितात अडकणाऱ्या मुलासाठी हा दहावी पार करण्याचा रस्ता होता. मात्र त्यासाठी प्रमाणपत्र हवं, आणि त्यापायी ठाण्याच्या पालकांच्या सायनच्या रुग्णालयात चकरा व्हायच्या. ज्यांना रजा काढणं परवडत नव्हतं, त्यांच्या मुलांपर्यंत सवलत पोचलीच नाही.

पुढे शिक्षणहक्क कायदा 2010 पासून लागू झाला. 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं वंचित गटात आली आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सातचे एकवीस प्रकार केले.

आपल्या ठाणे-नवी मुंबई भागात या काळात बऱ्यापैकी काम उभं राहिलं. ठाणे महापालिकेची ‘जिद्द’ ही विशेष मुलांची शाळा आहे, वाशीत नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी हे दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचं केंद्र आहे, खारघरला बौद्धिक दिव्यांगत्वाच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. काही मुलांना अशा ठिकाणची नेमकी मदत लागतेच, ती केंद्रं हवीतच. फक्त त्यांच्याकडे बोट दाखवून शेजारच्या शाळेने हात झटकू नयेत.

कारण खरी अडचण आता वर्गाच्या आत आहे. रॅम्प एकदा बांधला की झालं. पण कर्णबधिर मुलीशी बोलताना फळ्याकडे तोंड न करता तिच्याकडे वळायचं, ओठ दिसू द्यायचे, हे बाईंना कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर, या शाळेतून त्या शाळेत फिरत राहिला. ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, वरच्या वर्गांत पंधरामागे एक. मार्च 2025 मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावं लागलं की आधी पदं मंजूर करून जाहीर करा. महाराष्ट्राने 2024 मध्ये 4860 पदांचा निर्णय घेतला होता, पण तो केंद्रशाळांच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या मुख्य शाळांच्या हिशोबाने, एका केंद्राला एक. एका केंद्राखाली अनेक शाळा येतात. न्यायालयाने मात्र मुलं मोजली होती.