गोव्यात वटहुकूम निघाला की त्यामागची कागदपत्रे कशी मागायची: पात्रता, अर्ज आणि अपील

विधानसभेचे अधिवेशन चालू नसताना तातडीने कायदा करण्याची गरज पडली, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २१३ खाली राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वटहुकूम काढतात. पुढच्या अधिवेशनात तो पटलावर, म्हणजे सभागृहापुढे, ठेवावाच लागतो. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही, तर अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी तो संपतो. ही वाट सरकारला फार सोयीची वाटू लागते, हे बिहारने दाखवून दिले. तिथे १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम निघाले आणि विधानसभेला बाजूला ठेवून तेच पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले गेले. पुण्याच्या गोखले संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी हे खणून काढले आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने याला राज्यघटनेची फसवणूक म्हटले. म्हणून वटहुकूम निघाला की 'तातडी कसली होती?' हे नागरिकांनी विचारलेच पाहिजे. त्याला वकील लागत नाही, माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो.

आधी गॅझेट पाहा. गोव्याचे राजपत्र दर गुरुवारी निघते, पण वटहुकूम बहुधा असाधारण अंकात, सिरीज १ मध्ये असतो. सरकारी मुद्रणालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. त्यावरचे नाव, क्रमांक आणि तारीख तशीच अर्जात उतरवा.

अर्ज भारताचा कोणताही नागरिक करू शकतो. गोव्यात राहत असण्याची अट नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) राहणाऱ्यांना मात्र हा हक्क नाही. त्यांच्या घरातल्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा.

कागदपत्रे फार नाहीत: साध्या कागदावर अर्ज, नाव, पत्रव्यवहाराचा पत्ता, १० रुपये शुल्क. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, पण त्याचा दाखला जोडावा लागतो. माहिती कशाला हवी हे सांगण्याची सक्ती नाही. कुणी विचारले तर माहिती अधिकार कायद्याचे कलम ६(२) दाखवा. अर्ज देताना आपल्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.

अर्ज फसतो तो प्रश्नात. 'वटहुकूम का काढला?' असे लिहिले की 'हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असे उत्तर येते. कागद मागा. ज्या खात्याचा विषय आहे, त्याच्या जन माहिती अधिकाऱ्याला (असे अर्ज घेऊन उत्तर देणारा अधिकारी) असे लिहा: 'या वटहुकुमाच्या प्रस्तावाची टिप्पणी, कायदा खात्याचा अभिप्राय, मंत्रिमंडळाचा निर्णय आणि त्याची कारणे यांच्या प्रती द्याव्यात, तसेच फाइल पाहू द्यावी.' विधिमंडळ सचिवालयाकडे वेगळा अर्ज करून मागचे अधिवेशन कधी संपले आणि वटहुकूम पटलावर कधी ठेवला, या नोंदी मागा. अधिवेशन संपून चारच दिवसांत वटहुकूम आला असेल, तर तातडीचा दावा किती खरा हे या तारखाच सांगतात.

'मंत्रिमंडळाचे कागद गुप्त आहेत' असे उत्तर आले तर मागे फिरू नका. कलम ८(१)(झ) मधली ही सूट कायमची नाही. निर्णय होऊन विषय पूर्ण झाला की निर्णय, त्याची कारणे आणि ज्या सामग्रीवर तो घेतला ती उघड करायची, असे तेच कलम सांगते. वटहुकूम गॅझेटमध्ये छापून झाल्यावर विषय अपुरा कसा, हे अपिलात जोर देऊन मांडा.

अर्ज चुकीच्या खात्याकडे गेला तर त्यांनीच पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची. त्यानंतर ३० दिवसांत त्याच खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील, आणि तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत पणजीच्या राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. हाती आलेल्या प्रती आपल्या आमदाराला अधिवेशनापूर्वी द्या: वटहुकूम नामंजूर करण्याचा ठराव सभागृहाने संमत केला, तर तो सहा आठवड्यांची वाट न पाहता तिथेच संपतो.