खापर ज्वालामुखीच्या माथी

‘एक ज्वालामुखी फुटला की माणसाच्या शंभर वर्षांच्या धुरावर मात करतो,’ हा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. हिशेब नेमका उलटा आहे.

जगातले सगळे ज्वालामुखी, समुद्राखालचे धरूनही, वर्षाला अर्ध्या अब्ज टनाहून कमी कार्बन डायऑक्साइड सोडतात. कोळसा, तेल, वायू जाळून आपण सोडतो ३५ अब्ज टनांच्या वर. १९९१ साली फिलिपिन्सचा पिनातुबो फुटला. केवढा गाजावाजा! त्यातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे ५ कोटी टन, म्हणजे आपलं जेमतेम अर्ध्या दिवसाचं काम. उलट त्याच्या गंधकाच्या धुरकटाने पृथ्वी काही काळ साधारण अर्ध्या अंशाने गारच झाली.

शिवाय ठसाही सापडतो. वनस्पतींपासून बनलेल्या इंधनात कार्बन-१३ (कार्बनचा किंचित जड प्रकार) कमी असतो, ज्वालामुखीच्या वायूत तितका कमी नसतो. आणि हवेतलं कार्बन-१३चं प्रमाण घटतंय, म्हणजे वाढलेला कार्बन डायऑक्साइड इंधनाचाच.

ज्वालामुखी हवामान बदलू शकतात, हे मात्र खरं. सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच. पण तो थरावर थर साचायला लाखो वर्षं लागली, आणि तसा उद्रेक आज पृथ्वीवर कुठेही चालू नाही.