कच्छची घरे कोणी उभारली? एका गैरसमजाचा खुलासा

बडोद्यात, विशेषतः दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील आपल्या मराठी घरांत, एक समज अजून टिकून आहे: २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छची गावे सेवाभावी संस्थांनी बांधून दिली आणि गावकरी हात जोडून वाट पाहत राहिले. हे खरे नाही.

काही गावे संस्थांनी दत्तक घेतली व तेथे नव्या वसाहती बांधल्या, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु बहुसंख्य कुटुंबांनी जुनी जागा सोडण्यास नकार दिला आणि शासनाकडून हप्त्यांनी मिळालेल्या साहाय्यातून, बांधकामाची अभियंत्यांकडून तपासणी करवून घेत, आपली घरे स्वतः उभी केली. हा नकार हट्टापोटी नव्हता. शेत, गोठा, पाणवठा आणि शेजार यांच्यापासून दूर गेलेले घर कितीही पक्के असले तरी शेतकऱ्याला ते गैरसोयीचेच ठरते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसित झालेल्या गावांत हे आपण पाहिलेच आहे.

मग संस्थांनी काय केले? माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम विटा रचण्याचे नव्हते. कच्छ नवनिर्माण अभियान या स्वयंसेवी संस्थांच्या संघटनेने गावांच्या समूहांसाठी ‘सेतू’ केंद्रे चालवली. तेथे शासनाच्या योजनांची माहिती गावापर्यंत आणि गावाच्या अडचणी शासनापर्यंत पोहोचत. गवंड्यांना भूकंपरोधक बांधकामाचे प्रशिक्षण मिळाले, तेही याच काळात.