कॅश-सुसंगती

संगणकाच्या प्रोसेसरमध्ये गणन करणारे अनेक भाग म्हणजे कोअर असतात, आणि प्रत्येकाजवळ माहितीच्या प्रती ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी म्हणजे कॅश असते. या कॅश एकमेकींना जोडून, एकीकडे बदललेली माहिती दुसरीकडे जुनी राहू न देण्याची व्यवस्था म्हणजे कॅश-सुसंगती. अभियंते तिला ‘कॅश कोहेरन्स’ म्हणतात. या जोडणीचा दुसरा लाभ वेळेचा आहे. कोअरला हवी ती माहिती दूरच्या मुख्य मेमरीऐवजी शेजारच्या कॅशमधून मिळू शकते. इथल्या कॅशचा रोकडीशी संबंध नाही. ‘दडवून ठेवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द आला आहे.

मूळ अडचण अंतराची. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरचे एक आवर्तन, म्हणजे त्याच्या घड्याळाचा एक ठोका, साधारण ०.३३ नॅनोसेकंदाचे असते. कॅशचे थर असतात: अगदी जवळची एल-१ कॅश चार-पाच आवर्तनांत उत्तर देते, एल-२ साधारण पंधरा आवर्तनांत, तर एल-३ बहुधा ४० ते ७० आवर्तनांत. मुख्य मेमरीपर्यंत जाऊन यायचे तर ७० ते १०० नॅनोसेकंद जातात, म्हणजे दोन-तीनशे आवर्तने. जवळ छोटी, वेगवान मेमरी ठेवण्याची कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मांडली आणि १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ३६०/८५ या संगणकात कॅश आली. प्रोसेसर एकच होता तोवर फारसा घोळ नव्हता.

घोळ प्रती वाढल्या की सुरू होतो. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांच्या घरचे कुणी लेथवर उभे राहते, त्यांना हे चटकन उमगेल. मूळ ड्रॉइंग ऑफिसच्या कपाटात असते आणि त्याची झेरॉक्स प्रत्येक मशीनजवळ, कारण दर मापाला कुणी ऑफिसात धावत नाही. आता समजा, एका भोकाचा व्यास १२ मिलिमीटरवरून १२.५ केला आणि तिसऱ्या मशीनला जुनी झेरॉक्स तशीच अडकवलेली राहिली. त्या पाळीचा माल स्क्रॅपमध्ये जातो, आणि कामगाराची त्यात काही चूक नसते; त्याने समोरच्या कागदाप्रमाणेच काम केलेले असते. म्हणून नवी रिव्हिजन देण्याआधी जुन्या प्रती गोळा करतात.

प्रोसेसरही हेच करतो. फक्त तिथे प्रत पूर्ण ड्रॉइंगची नसून ‘कॅश लाइन’ नावाच्या छोट्या तुकड्याची असते. इंटेल आणि एएमडी या कंपन्यांच्या सध्याच्या प्रोसेसरांत ती ६४ बाइटची आहे. प्रत्येक लाइनवर तिची अवस्था नोंदलेली असते. सर्वांत परिचित पद्धतीत अशा चार अवस्था आहेत: बदललेली, एकट्याकडची, सामायिक आणि बाद. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘मेसी’ म्हणतात. १९८४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील मार्क पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी ती मांडली. सामायिक लाइनवर लिहायचे असेल तर कोअर आधी इतरांच्या प्रती बाद करवून घेतो. ‘एकट्याकडची’ ही अवस्था मला या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. प्रत दुसऱ्या कुणाकडे नाही हे ठाऊक असल्याने कोअर कुणालाही न विचारता लिहू शकतो आणि तेवढा संवाद वाचतो. एएमडीच्या प्रोसेसरांत पाचवी अवस्थाही असते. तीत बदललेली लाइन मुख्य मेमरीत परत न लिहिताही इतरांना देता येते.

प्रत कुणाकडे आहे हे कळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला हाक मारण्याचा. ‘१२४ नंबरचं ड्रॉइंग कोणाकडे आहे?’ असे शॉप-फ्लोअरवर ओरडले की ज्याच्याकडे असेल तो ओ देतो. याला स्नूपिंग म्हणतात. पाच-सहा मशीनना ते पुरते; साठ मशीनच्या आवाजात कुणाचे कुणाला ऐकू जाणार? तिथे सुपरवायझरचे रजिस्टर लागते, कोणती प्रत कोणाला दिली ते लिहिलेले. प्रोसेसरमधल्या अशा रजिस्टरला डिरेक्टरी म्हणतात. सेंसिए आणि फोत्रिए यांनी १९७८ मध्येच तिचा आराखडा दिला होता. आजच्या मोठ्या सर्व्हर प्रोसेसरांत या ना त्या रूपात रजिस्टरच चालते.

जोडणीची वाट कशी आखली आहे त्यावर विलंब ठरतो. इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिजमध्ये कोअर आणि एल-३ चे भाग एका वर्तुळाकार मार्गावर बसवले. कोअर वाढले तसे वर्तुळ लांबले, आणि २०१७ पासून सर्व्हर प्रोसेसरांत चौकडीच्या जाळीसारखी रचना आली. एएमडीच्या २०१९ च्या झेन-२ मध्ये चार-चार कोअरच्या गटाला १६ मेगाबाइट एल-३ होती. २०२० च्या झेन-३ मध्ये आठ कोअरना मिळून ३२ मेगाबाइट दिली. एकूण आकार तोच, पण पूर्वी गटाबाहेरची ठरणारी माहिती आता आपल्याच कॅशमध्ये सापडू लागली. आयबीएमचा २०२१ चा टेलम प्रोसेसर आणखी पुढे जातो. त्यात वेगळी एल-३ नाहीच. आठ कोअरपैकी प्रत्येकाला ३२ मेगाबाइट एल-२ आहे, आणि एका कोअरकडे मावेनाशी झालेली लाइन शेजाऱ्याच्या मोकळ्या जागेत ठेवली जाते. अशी २५६ मेगाबाइटची आभासी एल-३ तयार होते आणि आठ चिप मिळून २ गिगाबाइटची आभासी एल-४. शेजार मात्र खरोखर जवळचा हवा. दुसऱ्या सॉकेटमधल्या, म्हणजे त्याच संगणकातल्या दुसऱ्या प्रोसेसरच्या, कॅशमधून लाइन आणायला शंभर नॅनोसेकंदांहून अधिक लागू शकतात, आणि मग आपल्याच मेमरीत गेलेले बरे.

विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्यालय याच मच्छेला आहे. खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांतून अभियांत्रिकीला आलेल्या मुलांना हा विषय इंग्रजीत शिकावा लागतो आणि ‘इनव्हॅलिडेट’ हा शब्द पाठ होऊन राहतो. ‘जुनी प्रत बाद करणे’ असे म्हटले तर तो पाठ करावा लागणार नाही, असे मला मनापासून वाटते. लॅबमधल्या कुठल्याही लिनक्स संगणकावर हे प्रत्यक्ष पाहता येते. आठ थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या आठ शाखा, आणि आठ आकड्यांचा एक ॲरे, म्हणजे ओळीने ठेवलेली यादी, घ्यावी. प्रत्येक थ्रेडने फक्त आपलाच आकडा कोट्यवधी वेळा एकाने वाढवायचा, आणि प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर ती बेरीज मेमरीत न लिहिता कोअरच्या आतल्या आतच (त्या जागेलाही रजिस्टरच म्हणतात, पण ते सुपरवायझरचे नव्हे) उरकणार नाही एवढी काळजी घ्यायची. कुणी कुणाच्या आकड्याला हात लावत नाही, तरी प्रोग्रॅम रखडतो. चार-चार बाइटचे आठ आकडे ३२ बाइटांत मावतात, म्हणून ते बहुधा एकाच लाइनवर येतात आणि प्रत्येक लिहिण्यागणिक ती लाइन एका कोअरकडून दुसऱ्याकडे ओढली जाते. याला ‘फॉल्स शेअरिंग’ म्हणतात. आकड्यांमध्ये ६४ बाइटांचे अंतर ठेवले की प्रत्येकाला आपली लाइन मिळते आणि तोच प्रोग्रॅम कित्येक पटींनी वेगाने धावतो. ॲपलच्या एम-१ वर लाइन १२८ बाइटची आहे. तिथे अंतरही तेवढेच ठेवावे लागते.